घराची उंची आणि समुद्राचे दर्शन

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले म्हणजे समोर सिंधुदुर्ग किल्ला जणू पाण्यातूनच वर आलेला दिसतो. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला. किनाऱ्यापासून हे बेट सुमारे अर्धा किलोमीटर आत आहे. किल्ल्याचा तट साधारणपणे ९ मीटर, म्हणजे आजच्या तीन मजली इमारतीएवढा उंच. मुलांनो, एवढ्याशा उंचीचा हा तट इतका भव्य का दिसतो? त्याच्या आसपास त्याहून उंच असे दुसरे काही नाही, म्हणून.

किनाऱ्यावरची जुनी घरे जांभ्या दगडाची, उतरत्या कौलारू छपरांची असत. पावसाच्या माऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून ती बुटकी ठेवीत. माड त्यांच्याहून कितीतरी उंच वाढत. त्यामुळे होडीतून पाहणाऱ्याला घरे न दिसता माडांची हिरवी रांगच दिसे. मासेमारी करणारे लोक त्या रांगेतला एखादा वेगळा माड, देवळाचा कळस, मागची टेकडी अशा दोन खुणा एका रेषेत धरून खडकांमधली वाट ओळखत. तेव्हा दृश्य म्हणजे केवळ डोळ्यांची हौस, असे समजण्याचे कारण नाही.

माझा एक जुना विद्यार्थी किनाऱ्याजवळच्या आपल्या जागेत पाहुण्यांसाठी चार मजली निवास बांधू इच्छितो. तो मला म्हणाला, "गुरुजी, पावण्यांक किल्लो दिसाक व्हयो." त्याचे म्हणणे मला खोटे वाटले नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला आणि तेव्हापासून अनेक घरांच्या चुली पाहुण्यांवर चालतात. शिवाय भावाभावांत वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे लहान झाले. आडवे पसरायला जागा नसेल, तर माणूस वर चढणारच. पण त्याच्या जागेच्या मागे, चढावर, एका आजींचे घर आहे. त्यांच्या पडवीतून किल्ला व परतणाऱ्या होड्या दिसतात. चौथ्या मजल्यावरचा पाहुणा जो किल्ला पाहणार, तोच त्या आजींना दिसेनासा होणार!

कायदा येथे आजींच्या फारसा उपयोगी पडत नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्याप्रमाणे एखाद्या घराला वीस वर्षे अखंड मिळत आलेल्या उजेडावर व वाऱ्यावर हक्क सांगता येतो. दृश्यावर मात्र असा हक्क मिळत नाही. संरक्षित स्मारकांच्या भोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करू नये आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करावे, असे २०१० च्या कायद्याने ठरविले. पण सिंधुदुर्गाच्या तटापासून मोजलेले हे ३०० मीटर बहुतांशी पाण्यातच संपतात. किनाऱ्यासाठी निराळा नियम १९९१ साली आला. गावांच्या किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको आणि त्यापुढे ५०० मीटरपर्यंत घर दोन मजल्यांचे, ९ मीटरच्या आतच असावे, असा तो नियम होता. शहरी वस्तीला वेगळे नियम लावले गेले. २०११ व २०१९ साली त्यांत फेरबदल झाले आणि दाट वस्तीच्या गावांसाठी २०० मीटरांची मर्यादा ५० मीटरांवर आणण्याची तरतूद झाली.

मग दृश्य राखायचेच असेल, तर उंची कशी ठरवावी? पाटीवर एक आकृती काढा. समजा, तुम्ही समुद्रसपाटीपासून ४० मीटर उंच टेकडीवर आहात आणि किल्ल्याचा पायथा तेथून १,००० मीटर दूर आहे. तुमच्या डोळ्यापासून पायथ्यापर्यंत सरळ रेषा ओढा. ही रेषा ५०० मीटरवर २० मीटर उंचीवरून जाईल, तर ७५० मीटरवर केवळ १० मीटर उंचीवरून. तेथील जमीन ३ मीटर उंच असेल, तर घर ७ मीटरचेच हवे. म्हणजे जो पाण्याच्या जितका जवळ, त्याने तितके बुटके राहावे. टेकडीजवळच्या माणसाला अधिक उंच बांधता येईल. सर्वांना एकच माप लावण्यापेक्षा ही तिरकी मर्यादा मला अधिक न्याय्य वाटते, जरी किनाऱ्यावरच्या जमीनमालकाला ती जाचक वाटणार.

असे प्रयोग झालेले आहेत. लंडनमध्ये उंच इमारतींमागे सेंट पॉलचे प्रार्थनामंदिर झाकले जाऊ लागले, तेव्हा १९३८ पासून सभोवतालच्या इमारतींची उंची दृष्टिरेषांवरून ठरविली जाऊ लागली. मुंबईत मलबार टेकडीवरील फिरोजशहा मेहता उद्यान व कमला नेहरू उद्यान येथून चौपाटी व समुद्र दिसत राहावा, म्हणून खालच्या इमारतींची उंची मर्यादित करण्याची तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती. स्वित्झर्लंडमध्ये तर घर बांधण्यापूर्वी त्याच्या नियोजित उंचीचे खांब जागेवर उभे करतात. शेजाऱ्यांनी ते पाहावे आणि हरकत असल्यास वेळीच सांगावी, हा त्यामागील हेतू.

ही शेवटची युक्ती मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितली. दोन बांबू एकमेकांना बांधून आम्ही त्याच्या जागेत उभे केले. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर एक लाल फडके आणि चौथ्याच्या उंचीवर दुसरे बांधले. मग दोघे आजींच्या पडवीत जाऊन बसलो. खालचे फडके तटाच्या खाली, पाण्यावर दिसत होते. वरचे बुरुजांच्याही वर, आकाशात फडफडत होते. विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. आजींनी आम्हांला चहा दिला. निघताना त्याने खिशातली टेप काढली आणि, दोन मजल्यांवर एखादी गच्ची घेतली तर किती उंची होईल, याचा हिशेब तो वाटेतच करू लागला.