पूर्ण एक मिनिट

सकाळी ८. जानेवारीत कॅज्युअल्टीचा चार्ज घेताना मी आधी ऑक्सिजनचे किती पॉइंट रिकामे आहेत ते विचारते. मग रात्रीच्या केसपेपरांवर श्वासाचा आकडा बघते. बऱ्याच कागदांवर '२०' असतो. न मोजता लिहायचा हा ठरलेला आकडा, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

९.१५. सत्तरीच्या आजी. "ताप नाही, खोकला नाही, पण कालपासून काहीतरी भलतंच बोलतायत," सून सांगते. घरच्यांना वाटतंय, डोक्यात काही झालं. मी नाडी बघत असल्यासारखं मनगट धरते, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस वेगळा श्वास घेऊ लागतो. पदराच्या हालचालीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजते. ३४. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८६. पाठीला उजवीकडे खाली स्टेथोस्कोप ठेवला की चुरचुर ऐकू येते. म्हातारपणी न्यूमोनिया पुष्कळदा तापाशिवाय येतो आणि बडबडण्यावरूनच कळतो. वय, भ्रम, श्वास. न्यूमोनियाची तीव्रता मोजणाऱ्या सीयूआरबी-६५ चे तीन गुण युरियाच्या रिपोर्टआधीच भरले. म्हणजे आजार गंभीर. ऑक्सिजन लावला. सिस्टरांनी ब्लड कल्चर घेतलं आणि लगेच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू केलं. एक्स-रेच्या रांगेपायी पहिला डोस अडवायचा नसतो.

११.४०. तीन आठवड्यांचा खोकला, वजन उतरलेलं. मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन घेतल्यावर चार दिवस बरं वाटलं म्हणे. हे औषध क्षयरोगालाही तात्पुरतं दाबतं आणि निदान लांबतं. आधी मास्क, मग थुंकी क्षयरोगाच्या सीबीनॅट तपासणीला.

दुपारी २. आठ महिन्यांचं बाळ. "पोट उडतंय त्याचं," आई म्हणते. आईनं बरोबर पाहिलंय. रडतं बाळ मोजता येत नाही, म्हणून तिच्याच मांडीवर शांत होऊ दिलं, झबलं वर केलं. ६२. या वयात ५० च्या पुढे धोका. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडतोय, ऑक्सिजन ८८. नाकात नळी, अ‍ॅम्पिसिलिन, जेंटामायसिन, बालरोग वॉर्ड. लसीच्या कार्डावर सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याचे न्यूमोकोकल डोस राहिलेले. बाळ सावरलं की ते द्यायचे, हे केसपेपरवर ठळक लिहिलं.

संध्याकाळी ६. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. एक्स-रेत डाव्या बाजूला पांढरा डाग, पण श्वास २२, ऑक्सिजन ९६, जेवण जातंय. अ‍ॅडमिट करायची गरज नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन दिलं. "पाच दिवस पूर्ण घे. दोन दिवसांनी दाखवायला ये. आणि बोलताना मध्येच दम लागायला लागला, तर रात्री कितीही वाजता निघून ये."