गोटी उचलण्याचे गुण

टेबलावर लाकडाचे चार ठोकळे मांडलेले. सर्वांत मोठा १० सेंटिमीटरचा, सर्वांत छोटा २.५ सेंटिमीटरचा. शेजारी क्रिकेटचा चेंडू, धार लावायचा लांबट दगड, दोन पेले, धातूच्या दोन नळ्या, एक वॉशर. एका झाकणात काचेची गोटी आणि तिच्याहून बारीक, ६ मिलिमीटरचा पोलादी छर्रा. समोर ३७ सेंटिमीटर उंचीवर एक फळी. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या पुनर्वसन विभागात, लकव्यानंतर माणसाचा हात कितपत परतला हे या सामानावरून मोजतात.

या चाचणीचं नाव ‘ॲक्शन रिसर्च आर्म टेस्ट’. कॅरोल यांच्या १९६५च्या जुन्या चाचणीवरून रोनाल्ड लाइल यांनी १९८१ साली ती बेतली. एकूण १९ कृती, प्रत्येकीला शून्य ते तीन गुण, सगळे मिळून ५७. कृती नेहमीसारखी आणि वेळेत झाली तर तीन. झाली, पण फार वेळ लागला किंवा धडपड करावी लागली तर दोन. अर्धवट राहिली तर एक. जमलीच नाही तर शून्य. चेंडू, ठोकळे, गोटी हे जगात कुठेही मिळतं, म्हणून एका देशातले गुण दुसऱ्या देशातल्या गुणांशेजारी ठेवता येतात.

समोर बसलेले काका एसटीत वाहक होते. झटका आला तो मेंदूच्या डाव्या बाजूला, त्यामुळे गेला उजवा हात. ज्या हातानं त्यांनी सारी नोकरी तिकिटं फाडली आणि सुटे पैसे मोजले तो. काकू दाराशी उभ्या होत्या. ‘‘मनगटाला जरा आधार देऊ का त्यांच्या?’’

‘‘नको काकू, आज नको. तुम्ही बाहेर बसा,’’ चाचणी घेणारी ताई म्हणाली. मग काकांना, ‘‘पाठ खुर्चीला टेकवून बसा, काका. सुरू म्हटलं की हा मोठा ठोकळा उचलून वर फळीवर ठेवायचा.’’

काकांचा हात निघाला. बोटं उघडायला वेळ लागला, अंगठा आत वळत राहिला. शेवटी ठोकळा पकडीत आला आणि त्याच क्षणी त्यांचं अख्खं धड पुढे झुकलं, उजवा खांदा कानाशी गेला. ठोकळा फळीवर पोचला. काकांच्या चेहऱ्यावर विजय होता. माझ्याही. ताईनं कागदावर दोन लिहिले.

मला ते कंजूषपणाचं वाटलं होतं. नंतर तिनं समजावलं तेव्हा कळलं की या चाचणीचा जीव इथेच आहे. झटक्यात मेंदूच्या ज्या पेशी मेल्या त्या परत येत नाहीत. उरलेला मेंदू काम नव्यानं वाटून घेतो, आणि शरीर त्याहून चटकन पळवाट शोधतं. कोपर सरळ होत नाही, मग कंबर पुढे येते. ठोकळा दोन्ही वाटांनी फळीवर पोचतो. घरच्या माणसाला पोचलेला ठोकळा दिसतो. तो कसा पोचला हे ताईला पाहावं लागतं. उपचारानं हात सुधारला की फक्त पाठीनं हाताचं काम घेतलं, हे कळल्याशिवाय उपचार कामाचा आहे की नाही हे ठरणार कसं?

ही नोंद एका अभ्यासासाठी होती. काका कोणत्या गटात आहेत, घरी कोणता व्यायाम करतात, हे ताईला माहीत नव्हतं आणि माहीत होऊ द्यायचंही नव्हतं. मध्येच काका बोलून गेले, ‘‘घरी रोज मी ते...’’ तिनं हात वर केला. ‘‘काका, तेवढं मला नका सांगू.’’ सांगितलं असतं तर तशी नोंद करून पुढची चाचणी दुसऱ्याकडे द्यावी लागली असती. दोन आणि तीन यांच्यामधली रेघ बारीक असते. ज्याला एखाद्या उपचारावर मनापासून विश्वास आहे, त्याचं पेन नकळत तीनकडे झुकतं. म्हणून मोजणारा वेगळा आणि शिकवणारा वेगळा.

लकव्याच्या बाबतीत ही शिस्त किती मोलाची आहे हे काही मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. धडधाकट हाताला दिवसभर जाड मोजा घालून ठेवायचा आणि अडलेल्या हातालाच कामाला लावायचं, ही कल्पना एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून आली. न वापरण्याची हातालाही सवय लागते, असं त्यांचं म्हणणं. ऐकायला कठोर वाटतं, पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही टिकलेला दिसला. अर्थात मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता येत होती, अशांनाच त्यात घेतलं होतं.

उलटंही घडलं. रुग्णाला जितक्या लवकर आणि जितक्या वेळा उभं करावं तितकं चांगलं, असं बहुतेकांना वाटायचं. मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांनी पाच देशांतल्या २१०४ रुग्णांवर हे तपासलं. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: पहिल्या चोवीस तासांतच सुरुवात करून वारंवार उठवलेल्यांपैकी ४६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, नेहमीच्या पद्धतीनं सांभाळलेल्यांपैकी ५० टक्के. घाईनं थोडं नुकसानच केलं होतं. ज्या बाईंनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं घालवली, त्यांनीच हे उत्तर जगापुढे ठेवलं, याचा मला फार आदर वाटतो.

आपल्याकडचा अभ्यास मनाला अधिक लागतो. लुधियानाचे जयराज पांडियन, सिडनीचे रिचर्ड लिंडली आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्ण घेतले. निम्म्या रुग्णांच्या घरच्या एका माणसाला व्यायाम आणि रोजच्या कामांचा सराव कसा करून घ्यायचा ते शिकवलं. फिजिओथेरपिस्ट कमी, घरात माणसं आहेत, त्यांची मायाही आहे; हे जमलंच पाहिजे असं कुणालाही वाटावं. सहा महिन्यांनी पाहिलं तर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी राहिलेले दोन्ही गटांत ४७ टक्के. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे पाहताना मला तोच आकडा आठवत होता. तो त्यांच्या कष्टांना कमी लेखत नाही. प्रशिक्षित माणसाचं काम घरच्यांच्या खांद्यावर टाकून मोकळं होता येणार नाही, एवढं मात्र तो सरकारला आणि रुग्णालयांना स्पष्ट सांगतो.

आत पेल्यांची पाळी आली होती. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं. यासाठी हाताचा पंजा पालथा व्हावा लागतो, आणि लकव्यात तो हटून बसतो. काकांनी खांदा बाजूला उचलून पेला कलता केला, थोडं पाणी टेबलावर सांडलं. ताईनं कागद उचलला, पुसलं नाही; आधी गुण लिहिले, मग फडकं घेतलं.

मग छर्रा. अनामिका आणि अंगठा यांच्या चिमटीत तो धरायचा. चिमटीच्या कृतींमध्ये सर्वांत अवघड कृती पहिली असते, कारण ती पूर्ण जमली तर बाकीच्या करून पाहाव्याच लागत नाहीत. थकलेल्या माणसाचे श्रम त्यानं वाचतात. काकांना ती जमली नाही. सोपी होती ती पुढची: गोटी, तर्जनी आणि अंगठा. दोनदा गोटी झाकणातच फिरली. ताईच्या हाताची बोटं टेबलाखाली वळलेली मला दिसत होती. तिलाही ती उचलून द्यावीशी वाटत असणार. तिसऱ्या खेपेला गोटी चिमटीत आली, वर गेली आणि फळीवरच्या झाकणात पडली. फार वेळ लागला होता. दोन.

काकू आत आल्या आणि त्यांनी विचारलंच, ‘‘मागच्यापेक्षा बरं आहे ना?’’

ताईकडे उत्तर नव्हतं. मागचा कागद तिला दाखवलेला नव्हता. ‘‘ते तुमचे फिजिओ सांगतील, काकू. मी आज जे पाहिलं तेवढंच लिहिते.’’ तिनं कागद पाकिटात घातला, चिकटवला, त्यावर तारीख टाकली आणि ठोकळे पुन्हा मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीनं मांडायला घेतले. बाहेर पुढचा रुग्ण व्हीलचेअरवर येऊन थांबला होता.