जोंगाच्या पाठीवरचा कॅन

जबलपूरच्या लष्करी गाड्यांवर लिहा, असा संपादकांचा निरोप होता. लिहिण्यासारखं तिथे भरपूर आहे आणि त्यातलं बरंचसं आधीच लिहून झालं आहे. मुंबई, मद्रास आणि फत्तेगड इथले तोफगाड्यांचे जुने कारखाने एकत्र करून १९०४ साली इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात खमरियाची दारूगोळ्याची निर्माणी आली. १९५९ मध्ये गन कॅरेज फॅक्टरीतूनच जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर पहिला ‘शक्तिमान’ बाहेर पडला. मग निसानच्या परवान्यावर एक टनी गाडी आली आणि जिच्या नावातच जबलपूर आहे ती जोंगाही आली. हा पसारा तोफांच्या कारखान्यात मावेना, म्हणून १९६९ साली खास वाहन निर्माणी, म्हणजे व्हेइकल फॅक्टरी जबलपूर, सुरू झाली. तिला गावात कुणी पूर्ण नावाने हाक मारत नाही. व्हीएफजे म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेतो.

एवढा इतिहास पुरे. माझं लक्ष अडकलं ते जोंगाच्या मागच्या बाजूला, लोखंडी चौकटीत पट्ट्याने आवळून बसवलेल्या हिरव्या पत्र्याच्या कॅनपाशी.

जोंगाचं इंजिन सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार हजार सीसीचं आणि पेट्रोलवर चालणारं. ताकद दांडगी, तहान त्याहून दांडगी. लिटरला चार-पाच किलोमीटर मिळाले तरी नशीब, असं ती चालवलेली माणसं सांगतात. म्हणजे कॅनभर पेट्रोल सोबत असेल तर टाकी कोरडी पडल्यावरही आणखी ऐंशी-शंभर किलोमीटर जाता येतं. राजस्थानच्या वाळूत किंवा लडाखच्या रस्त्यावर हा हिशेब जिवाशी येतो. गाडी कुठवर जाईल हे कागदावर इंजिन ठरवतं. प्रत्यक्षात ते सोबतचं इंधन ठरवतं.

असा एक जुना कॅन टेबलावर ठेवून नीट पाहावा. वीस लिटरचा, रिकामा चार-साडेचार किलोंचा आणि पेट्रोलने भरला की एका माणसाला कसाबसा झेपेल असा वीसेक किलोंचा. वर एकाला एक समांतर अशा तीन मुठी. भरलेला कॅन एकट्याने न्यायचा तर मधली मूठ धरायची, दोघांनी न्यायचा तर बाहेरच्या दोन. रिकामे कॅन शेजारी शेजारी उभे केले की दोघांच्या लगतच्या मुठी एकाच पंज्यात येतात, म्हणजे एक जवान एका खेपेत चार कॅन उचलतो. माणसांची रांग लावून हातोहात भरलेले कॅन पुढे सरकवायचे असले, तरी घेणाऱ्याला धरायला मूठ मोकळी सापडते.

दोन्ही अंगांवर दाबून उठवलेली मोठी फुली आहे. ती नक्षी नव्हे. तिच्यामुळे पत्र्याला ताठपणा येतो आणि उन्हाने आतलं पेट्रोल फुगलं की कॅनला फुगायला वाव मिळतो. जबलपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे वेगळं समजवायला नको. अंग पत्र्याच्या दोनच भागांचं आहे आणि ते जोडणारा वेल्डिंगचा सांधा खाचेत आत बसवलेला आहे. कॅन आपटला तर मार सांध्याला न बसता कडेच्या पत्र्याला बसतो. पोचा पडेल, गळणार नाही. मुठींखालच्या उंचवट्यात हवा अडकून राहते, त्यामुळे भरलेला कॅन पाण्यात पडला तरी तरंगतो.

पण खरी गंमत झाकणाची. झाकण बिजागरीने तोंडालाच जोडलेलं आहे, त्यामुळे हरवायची सोय नाही. खटका दाबला की तो रबरी वायसर तोंडावर आवळून बसवतो. ना आटे, ना पाना. हातमोजे घातलेल्या, थंडीने बधीर झालेल्या हातालाही उघडतं. तोंडाच्या आत एक बारीकशी नळी आहे, ती वरच्या हवेच्या पोकळीपर्यंत जाते. ओतताना त्या नळीतून हवा आत शिरते आणि पेट्रोल डबडब न करता एका धारेत पडतं. नरसाळं लागत नाही. एवढ्याशा नळीवर मी बराच वेळ घालवला, हे कबूल करायला हरकत नाही.

हा कॅन जर्मनांचा. १९३७ च्या सुमारास श्वेल्म गावच्या म्युलर कंपनीत विन्त्सेन्झ ग्र्युनफोगेल या अभियंत्याने तो आखला आणि युद्ध सुरू होण्याआधीच जर्मनीने हजारोंनी साठवून ठेवला. बाहेरच्या जगाला त्याची खबर लागली तीही हिंदुस्थानच्या वाटेवर. पॉल प्लाइस नावाचा बर्लिनमधला अमेरिकन अभियंता १९३९ मध्ये एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने भारताकडे निघाला. पाण्यासाठी भांडी हवी होती, ती सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातून आणली: तीन कॅन. सहकाऱ्याला वाटेतच परत बोलावलं गेलं. प्लाइस एकटा कलकत्त्यापर्यंत आला. पुढे त्याने हा कॅन अमेरिकन लष्कराला दाखवला, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. नंतर त्यांनी स्वतःचा बनवला तोही ‘सुधारून’: आकार आणि मुठी तेवढ्या ठेवल्या, वेल्डिंगऐवजी दुमडलेले सांधे आणि खटक्याऐवजी आट्यांचं झाकण. परिणाम असा की सांधे गळू लागले, झाकणाला पाना लागू लागला आणि ओतायला नरसाळं.

ब्रिटिशांची तऱ्हा आणखी वेगळी. उत्तर आफ्रिकेत त्यांचं पेट्रोल जायचं ते चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून. आपल्याकडे रॉकेलचे जे डबे घरोघरी होते, त्याच जातीचे. स्वस्त म्हणून निवडलेले हे डबे ट्रकच्या हादऱ्यांनी फुटत. तळापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचेतो सुमारे तीस टक्के इंधन वाया जातं, अशी खुद्द तिथले ब्रिटिश सेनापती ऑकिनलेक यांची तक्रार होती. त्याच वाळवंटात चौथी भारतीय डिव्हिजन लढत होती आणि जून १९४२ मध्ये तोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण तिथे होती. शत्रूचे कॅन हाती लागले की ब्रिटिशांनी ते वापरायला सुरुवात केली आणि शेवटी हुबेहूब तसेच बनवायला घेतले. डब्यावर वाचवलेले पैसे वाळूत जिरले होते, हे कळायला तेवढा वेळ लागला.

जबलपूरमध्ये आज हा धडा मला पुन्हा आठवतो, त्याला कारण आहे. शक्तिमान, जोंगा आणि एक टनी गाड्यांचं उत्पादन नव्वदच्या दशकात संपत आलं. मग व्हीएफजेत अशोक लेलँडचे स्टॅलियन आणि टाटांचे एलपीटीए ट्रक जुळवले जाऊ लागले. २०१७ च्या सुमारास आयुध निर्माणींतल्या बऱ्याच वस्तू ‘नॉन-कोअर’ ठरल्या, म्हणजे बाजारातून घेता येतील अशा. त्यात गणवेश होते, बूट होते आणि हे ट्रकही. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळच बरखास्त झालं. सात कंपन्या झाल्या आणि व्हीएफजे चेन्नईजवळच्या आवडीत मुख्यालय असलेल्या आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. जिच्या ट्रकांवर फौजेच्या दोन पिढ्या हलल्या, तिला आता सुरुंगरोधक गाड्या, पाण्याचे बाउझर, जुन्या तोफांना नवी नळी चढवण्याची ‘शारंग’ची कामं असं जे मिळेल त्यावर शेड चालू ठेवाव्या लागतात.

बाजारातला ट्रक वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. लेलँड आणि टाटा उत्तम ट्रक बनवतात. पण बूट, ट्रक, डबा या साध्या गोष्टी गाभ्याबाहेरच्या, असं मानण्याची सवय मला धोक्याची वाटते. वायसर आणि सांधा यांवर काटकसर करून दोन बड्या फौजांनी वाळवंटात काय भोगलं ते समोर आहे. शिवाय ऑर्डर आटली की हातातलं कसब आटतं, आणि ते निविदा काढून परत आणता येत नाही.

दरम्यान लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावातून हौशी लोकांकडे जातात. २०१९ मध्ये महेंद्रसिंग धोनीने अशीच एक हिरवी निसान घेतली, तेव्हापासून मागणी चढीच आहे. गाडीबरोबर कॅनही येतो, आणि पुण्या-नाशिकची मंडळी तो मागे लटकवून घाटात फिरतात. त्यांच्यासाठी चार गोष्टी. आत बॅटरी मारून गंज पाहा. अस्तर सुटलेलं असेल तर तो कॅन शोभेपुरताच ठेवा. वायसर नवा घाला. पाण्याच्या कॅनमध्ये पेट्रोल भरू नका, आणि भरताना कॅन गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवा, काठोकाठ भरू नका. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय एकूण तीस लिटरपर्यंतच बाळगता येतं आणि धातूचं भांडं पंचवीस लिटरपेक्षा मोठं चालत नाही. म्हणजे असा एक कॅन कायद्यात बसतो, दोन भरलेले बसत नाहीत.