फिलरची जोखीम किती? आधी छेद विचारा

गेल्या महिन्यात मावसबहिणीचा फोन आला. लग्न दीड महिन्यावर आलेलं, आणि घराजवळच्या पार्लरमध्ये ओठांचं फिलर ब्रायडल पॅकेजमध्येच मिळत होतं. ‘ताई, तू हायलुरोनिक अ‍ॅसिडवरच पीएचडी करतेस ना? मग सांग, रिस्क किती असते गं? पार्लरवाली म्हणते, लाखात एखादी केस.’

माझं काम जखमेवर लावायच्या जेलवर आहे, चेहऱ्याशी माझा संबंध नाही. पण लाखात एक हा आकडा आला कुठून, हे बघायला मी पेपर काढून बसले. ‘रिसर्च पेपर वाचायचा म्हणजे नेमकं काय करायचं?’ असं तुमच्यापैकी अनेकजण विचारतात. हे घ्या, एक ताजं उदाहरण.

आधी वस्तू समजून घ्या

हायलुरोनिक अ‍ॅसिड म्हणजे शर्करेच्या रेणूंची लांबलचक साखळी. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रव्यातून वेगळं केलं. आपल्या शरीरातही ते असतं, पण सतत तुटतं आणि नव्याने बनतं. नुसतं टोचलं तर फार टिकणार नाही. म्हणून फिलर बनवताना साखळ्या एकमेकींना रासायनिक टाके घालून जोडतात. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. मग जेल काही महिने, कधी वर्षभरही टिकतं.

या जेलचा मोठा गुण म्हणजे हायलुरोनिडेज हे एन्झाइम टोचलं की ते विरघळतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटसारखी इतर फिलर त्याने विरघळत नाहीत.

सूज येणं, काळं-निळं पडणं हे त्रास नेहमीचे, बहुधा आपोआप जाणारे. खरी भीती जेल चुकून धमनीत जाण्याची. रक्त अडलं की त्या भागातली त्वचा मरू शकते. आणि नाकाच्या, भुवयांमधल्या भागातल्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. सिरिंजवर जोर जास्त पडला तर जेल रक्ताच्या उलट दिशेने मागे सरकतं, आणि जोर सुटला की प्रवाहाबरोबर दृष्टिपटलाकडे जातं. अशी गेलेली दृष्टी बहुतेक वेळा परत येत नाही.

नुसता अंश

२०१५ साली बेलेझ्ने आणि सहकाऱ्यांनी तोवर जगभरात प्रसिद्ध झालेल्या, फिलरनंतर दृष्टी गेल्याच्या केसेस गोळा केल्या. त्या भरल्या ९८. २०१९ च्या पुढच्या आढाव्यात आणखी ४८ आल्या.

‘जगात ९८? म्हणजे नगण्यच की!’ असं वाटलं ना? थांबा. हा फक्त अंश आहे. एकूण किती जणांनी इंजेक्शन घेतलं, हे त्यात नाही. शिवाय या फक्त छापून आलेल्या केसेस. पार्लरमध्ये डोळा गमावलेल्या बाईवर पेपर कोण लिहिणार?

अजून एक गंमत बघा. पहिल्या आढाव्यात सर्वाधिक केसेस, ४७.९ टक्के, स्वतःचीच चरबी टोचल्याच्या होत्या आणि हायलुरोनिक अ‍ॅसिडच्या २३.५ टक्के. दुसऱ्यात हायलुरोनिक अ‍ॅसिड ८१.३ टक्क्यांवर गेलं. ते अचानक घातक झालं का? एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. वापर वाढला की केसेसमधला वाटाही वाढतो. छेद नसेल तर टक्केवारीसुद्धा फसवते.

छेद मिळाला, पण कशाचा?

२०२१ साली जामा डर्मेटॉलॉजीत अलम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. ३७० त्वचारोगतज्ज्ञ, सुमारे १७ लाख सिरिंज. अणकुचीदार सुईने टोचलं तर ६,४१० सिरिंजमागे एकदा रक्तवाहिनी अडली. बोथट टोकाच्या कॅन्युलाने ४०,८८२ मागे एकदा. म्हणजे सुईने लाखात साधारण १६ वेळा. पार्लरवालीचा ‘एखादी’ इथेच गळाला.

आता एकक बघा. हा आकडा सिरिंजमागे आहे, माणसामागे नाही. एखादी बाई दरवर्षी दोन सिरिंज घेत असेल तर पाच वर्षांत दहा होतात. प्रत्येक वेळची जोखीम सारखी धरली तर सुईने साधारण ६४१ मध्ये एक. दोन्ही आकडे खरेच, पण ऐकणाऱ्याला किती वेगळे वाटतात!

अर्थात, रक्तवाहिनी अडली म्हणजे दृष्टी गेली असं नाही. बऱ्याचदा त्वचेचीच वाहिनी अडते आणि वेळेवर उपचार झाले तर निभावतं.

उत्तर कोणी दिलं?

हे आकडे डॉक्टरांनी स्वतः मागे वळून सांगितलेले आहेत, म्हणजे स्मरणशक्तीचा प्रश्न आलाच. कॅन्युला कुठे वापरायची हेही डॉक्टरच ठरवतात, त्यामुळे सगळं श्रेय कॅन्युलाला देता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: हे सगळे प्रशिक्षित तज्ज्ञ होते. त्यांच्यातसुद्धा पाच वर्षांहून जास्त अनुभव असलेल्यांकडे असे प्रसंग कमी घडले. मग आठवड्याचा कोर्स करून आलेल्या व्यक्तीला हा आकडा कसा लावायचा? नाहीच लावता येत. पार्लरचा छेद कोणी मोजलेलाच नाही.

मग बहिणीला काय सांगितलं?

‘करू नकोस’ म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं. म्हणून चार प्रश्न लिहून दिले:

१. इंजेक्शन कोण देणार? त्या व्यक्तीचा वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?
२. कोणतं फिलर? सीलबंद सिरिंज माझ्यासमोर उघडाल का? बॅच नंबर आणि मुदत दाखवाल का?
३. हायलुरोनिडेज आत्ता, इथे, या खोलीत आहे का?
४. काही बिघडलं तर पहिल्या दहा मिनिटांत काय करणार?

सोबत एक ताकीदही दिली. टोचताना किंवा नंतर त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे डाग उठले, खूप दुखायला लागलं तर ‘उद्या बघू’ चालणार नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. दिसण्यात जरा जरी फरक पडला तर तडक डोळ्यांच्या डॉक्टरची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल गाठायचं. दृष्टिपटल रक्ताशिवाय फार वेळ तग धरत नाही. आणि सुईशिवाय दाबाने जेल आत मारणारं पेन तर नकोच. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये त्याविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळालं, ‘आमच्या मॅडम सर्टिफाइड आहेत.’ तिसऱ्याला, ‘ते काय असतं?’ ती तिथून उठून आली. आता एका त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. करायचंच ठरलं तर लग्नाच्या तोंडावर नको, सूज उतरायला वेळ हवा, असं त्यांनी फोनवरच सांगितलं. करायचं की नाही, ते अजून तिचं ठरायचं आहे.

तुम्हाला गृहपाठ: तुमच्या विषयातला, ‘दुर्मिळ’ हा शब्द असलेला एक पेपर काढा. अंश काय, छेद काय, एकक काय आणि मोजलं कोणी, हे चार ओळींत लिहा. एखादी ओळ रिकामी राहिली तर तिथे प्रश्नचिन्ह टाका. संशोधनाचा विषय अशाच रिकाम्या ओळीत सापडतो.