बावल्याच्या टेंबाची नोंदवही

मालवण तालुक्यातल्या कुडोपी गावच्या सड्यावर बावल्याचं टेंब नावाची जागा आहे. जांभ्याच्या उघड्या कातळात तिथे साठाहून अधिक आकृती कोरलेल्या आहेत. काही माणसांच्या, काही प्राण्यांच्या, तर काही कशाशीच न जुळणाऱ्या रेषांच्या चौकटी. एक मोठी मानवाकृती आहे, तिला काही अभ्यासक मातृदेवता मानतात. टेंबाचं नावच सांगतं की गावाला या बावल्या, म्हणजे बाहुल्या, आधीपासून ठाऊक होत्या. सतीश लळीत यांनी २००१ साली हिवाळे इथली आणि २०१२ साली कुडोपीची कातळशिल्पं अभ्यासकांपुढे आणली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, त्यांत सिंधुदुर्गातलं एकटं कुडोपी आहे.

तिथे जाणारा प्रत्येक जण एकच विचारतो : याचा अर्थ काय? माझं मत असं की हा प्रश्न थोडा थांबू शकतो. नोंद थांबू शकत नाही.

हे पटायला मध्य अमेरिकेतल्या माया लिपीची हकिकत ऐकावी. ती खरीखुरी लिपी होती. कुडोपीच्या आकृती लिपी आहेत असा कोणताही पुरावा नाही, आणि ओढूनताणून तसं ठरवूही नये. पण माया लिपीच्या अभ्यासकांची कामाची रीत घेण्याजोगी आहे. १५६२ साली दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या. आज जगात त्या चारच उरल्या आहेत. बाकीचा मजकूर शिळांवर, भिंतींवर, मडक्यांवर विखुरलेला. १९६२ मध्ये एरिक थॉम्पसन यांनी या चिन्हांची सूची छापली आणि एकेका चिन्हाला क्रमांक दिला. चिन्हांतून उच्चार लिहिले आहेत हे सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव्ह १९५२ पासून सांगत होते, थॉम्पसन यांनी त्याला कडाडून विरोध केला. पुढे क्नोरोझोव्ह यांचंच म्हणणं खरं ठरलं. तरी थॉम्पसन यांचे क्रमांक अभ्यासक अजून वापरतात. त्यांचं मत मागे पडलं, नोंद टिकली.

जर्मनीत बॉन विद्यापीठात २०१४ पासून सुमारे दहा हजार माया लेखांचा संगणकीय संग्रह उभा राहतो आहे. तिथे मूळ मजकूर चिन्हांच्या क्रमांकांत नोंदवतात आणि वाचन वेगळं ठेवतात. एका चिन्हाची दोन-तीन वाचनं असतील तर तीही राहतात, कोणी सुचवली आणि कितपत पटतात यासकट. उद्या एखादं वाचन खोटं ठरलं तरी मूळ नोंदीला धक्का लागत नाही.

आपल्याला नेमकं हेच हवं आहे. रत्नागिरीकडे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि निसर्गयात्री संस्थेच्या मंडळींनी सडे पायाखाली घालून शेकडो आकृती शोधल्या. कशेळीचा हत्ती तर सुमारे अठरा मीटर लांब आहे. कोकणातल्या कातळांवर गेंडाही आहे, जो आज इथल्या रानात नाही. बारसूला एका माणसाच्या दोन्ही बाजूंना वाघ आहेत, ते पाहून मोहेंजोदडोची तशीच एक मुद्रा आठवते. आठवणं वेगळं आणि संबंध सिद्ध होणं वेगळं. म्हणून नोंदीत ‘दोन्ही बाजूंना चतुष्पाद, मध्ये मानवाकृती’ एवढंच लिहावं. वाघ, देव, मुद्रा हे सगळं मतांच्या रकान्यात, मत मांडणाऱ्याच्या नावासह. काही अभ्यासक ही शिल्पं मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात. कातळावरच्या खाचेचं वय थेट काढणं फार कठीण, म्हणून काळही मतांच्याच रकान्यात जावा.

घाई कशाची? जांभ्याचा चिरा हा कोकणातल्या घरांचा पाया आहे, आणि त्याच सड्यांवर चिरेखाणी चालतात. रस्ता रुंद होतो, बागेसाठी सडा फोडला जातो. यात गुन्हेगार कोणी नाही. जमीन मालकीची असते आणि खाली काय आहे हे पुष्कळदा माहीतच नसतं. पण एकदा चिरा निघाला की आकृती गेली. पोथीची नक्कल तरी कुठे राहू शकते, कातळाची नाही.

तेव्हा तुमच्या सड्यावर अशी रेघ दिसली तर तिच्यात चुना किंवा खडू भरू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्या. उत्तर दिशा लिहा, गावात त्या जागेला काय म्हणतात तेही लिहा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. चिरे काढायला जागा देण्याआधी एवढं कराच.