आकड्यांतून सुरांकडे

परदेशातल्या आपल्या घरांत गाणं आता बहुधा मोबाइल नाहीतर लॅपटॉपमधून येतं. तिथे साठवलेले असतात ते सूर नव्हेत, आकडे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० मापं घेतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. या आकड्यांची पुन्हा विजेची लहर करणारं यंत्र म्हणजे डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टर, म्हणजेच ‘डॅक’. लॅपटॉपमध्ये तो असतोच. मग वेगळा कशाला घ्यायचा?

दोन कारणं खरी. एक, जुन्या अॅम्प्लिफायरला डिजिटल जोडणीची सोय नसते. दुसरं, लॅपटॉप जोडला की स्पीकरमधून बारीक घरघर येते. अशा वेळी ऑप्टिकल जोडणीचा डॅक पाहावा. त्या तारेतून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे लॅपटॉपच्या विजेतली गडबड तारेतून पुढे सरकत नाही. मात्र लॅपटॉपला तशी जोडणी आहे का, हे आधी तपासा.

खोक्यावरच्या ‘३८४ किलोहर्ट्झ, ३२ बिट’ला भुलू नका. माणसाचा कान तरुणपणी साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, पुढे त्याहून कमीच. तेवढ्याला सीडीचा दर्जा पुरतो. शिवाय मूळ ध्वनिमुद्रणात जे नाही, ते महागडा डॅकही आणू शकत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत मावलेला राग खरखरीसकटच ऐकायचा!

आमच्याकडे एक स्वस्त आणि एक महाग डॅक आणला होता. दोन्हींचा आवाज सारखा ठेवला, कारण जरा मोठा आवाज कानाला उगाचच सरस वाटतो. मी पाठ करून बसले आणि लेक तारा बदलत राहिली. तंबोऱ्याची जवारी कान देऊन ऐकली. दहापैकी पाच वेळा माझं उत्तर बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. महागडा परत गेला.

पैसे वाचले तर आधी चांगले स्पीकर घ्या, उघड्या भिंतींच्या खोलीत गालिचा आणि जाड पडदे आणा. फरक तिथे लगेच कळतो. आणि थोडे पैसे भारतातल्या घरच्या कॅसेटींसाठी राखून ठेवा. आजीच्या ओव्या, आजोबांची पेटी ज्या फितीवर आहे, ती फीत वर्षागणिक खराब होते आहे. यंदा घरी जाल तेव्हा तिचं डिजिटल रूपांतर करून घ्या. ते आवाज कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत.