शेपूट कशासाठी छाटायची?

कॉकर स्पॅनिएल जातीचे तीन-चार दिवसांचे पिलू डोळ्यासमोर आणा. डोळे मिटलेले, कानही बंद. पूर्वी ब्रिटनमध्ये कुत्री पाळून विकणारे लोक अशा पिलांच्या शेपट्या घरीच कात्रीने कापीत, नाहीतर घट्ट रबर बांधून रक्तपुरवठा तोडीत. एवढ्याशा जिवाला दुखत नाही, ही त्यांची समजूत. पण शेपटीत मणके, स्नायू आणि मज्जातंतू असतात; कापताना पिलू किंचाळते ते उगीच नव्हे!

१९९३ पासून तेथे हे काम केवळ पशुवैद्याचे ठरले. २००७ मध्ये इंग्लंडात काही कामकरी कुत्री वगळून बंदीच आली, तर स्कॉटलंडात सरसकट.

शिकारी म्हणत, काटेरी झुडपांत शेपूट फाटते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश पाहणीत १,३८,२१२ कुत्र्यांमागे शेपटीच्या जखमा निघाल्या २८१. भागून पाहा! घरगुती कुत्र्याला हे कारण लागू पडत नाही. शिकारी स्पॅनिएलचे मात्र वेगळे. स्कॉटलंडातील पाहणीत शेपूट न छाटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक एकाच हंगामात जखमी झाले होते (अर्थात ही माहिती मालकांनीच दिलेली). २०१७ मध्ये तेथील बंदी काही शिकारी जातींपुरती सैल झाली.

आता पंजा पाहा. पुढच्या पायाला आतून, जमिनीपासून वर असलेले नख म्हणजे कुत्र्याचा अंगठा. त्याला हाडे व स्नायूंची जोड असते; हाडूक चघळताना तो धरायला उपयोगी पडतो. मागचा, असलाच तर, बहुधा कातडीला नुसता लोंबतो. ब्रिटिश कायद्याने शेपूट पशुवैद्याकडे सोपवली. हा अंगठा मात्र, पिलाचे डोळे उघडण्यापूर्वी, कोणाही प्रौढाने घरी कापलेला चालतो!